हिरामावशींनी पास केलेला फोटो

हिरामावशी परवा गेल्या.

माझ्याकडे त्यांचे दोनशेच्या वर फोटो आहेत. एक सोडून बाकी सगळे त्यांनी नापास केले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मूळची सांगलीची. दहिवडीला शाळेत गणित शिकवते, आणि सहा वर्षं झाली, हिरामावशींच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते.

चाळिशीत मला फोटोग्राफीचं खूळ लागलं. सेकंडहँड कॅमेरा घेतला. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ पाहिले. सगळे एकच सांगत होते, पोर्ट्रेट शिकायचं तर घरातल्या माणसापासून सुरुवात करा.

घरात मावशीच होत्या. एकुलती मुलगी सुनंदा लांब, जावई मिलिटरीत, पोस्टिंग आसामला.

"माझा फोटू? काढा की," मावशी म्हणाल्या. "पर भितीवर लावायचा काढा. मी गेल्यावर मागनं पळापळ नगं."

मी म्हटलं, असं काय बोलता मावशी.
त्यात वाईट काय, ते त्यांना कळेना.

पहिल्या रविवारी मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. एका बाजूने उजेड, दुसरी बाजू पूर्ण काळोखात. व्हिडिओत अगदी तसंच होतं. मी स्वतःवर जाम खूश.

मावशी कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"बाई, माझं निम्मं तोंड कुठं गेलं?"

"अंधारात आहे मावशी. त्याने जरा मूड येतो."

"लाईट गेली व्हती का काय वाटंल लोकास्नी."

नापास.

तो फोटो मी इथेच, आपल्या ग्रुपवर टाकला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वा वा केली होती. मावशींना मी ते कधी सांगितलं नाही.

मग म्हटलं, कॅन्डिड काढू, त्यांच्या नकळत. त्या शेंगा फोडत बसल्या की मी कॅमेरा घेऊन दबा धरून बसायची. मी दिसले रे दिसले की पदर तोंडावर. माझ्याकडे पदराचे चाळीस फोटो आहेत, फोकस एकदम शार्प.

त्यातून एक बरा निघाला. तो मी फोनमधल्या ॲपने थोडा साफ केला. सुरकुत्या कमी केल्या, डाग पुसले. मावशींच्या हनुवटीवर हिरवं गोंदण होतं. ॲपला तेही डागच वाटलं.
आणि खरं सांगते, ते गेलेलं माझ्याही लक्षात आलं नाही.

प्रिंट काढून मोठ्या कौतुकाने मावशींच्या हातात दिली.

त्या रागावल्या नाहीत. मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. कोट, भरदार मिशा, मोठे डोळे.

"ह्ये कोन?"

"तुमचे मालक."

"न्हाईत."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. मालक मुंबईत माथाडी कामगार होते, तिकडेच वारले. घरात त्यांचा एकच फोटो, कुणाच्या तरी लग्नातला. मागच्या रांगेत उभे, तोंड डाळीएवढं. स्टुडिओवाल्याने तेच मोठं केलं आणि जे दिसत नव्हतं ते हाताने काढलं. डोळे, मिशा, वरून कोट. मालकांनी जन्मात कोट घातला नव्हता.

"त्यानं चांगल्या मनानंच केलं," मावशी म्हणाल्या. "पर आता मला त्यांचं खरं तोंड आठवंना झालंय, बाई. डोळं मिटलं की ह्यो कोटवालाच येतोय. सुनी तवा दोन वर्साची. तिचा तर ह्योच बाप."

माझी प्रिंट त्यांनी परत माझ्या हातात दिली.

"एक परका मानूस हाय भितीवर. त्येच्या शेजारी परकी बाई नगा लावू."

मला फार लाज वाटली. इतके दिवस मी मला काय काय जमतं ते दाखवत होते. फोटो सुनंदासाठी काढायचा होता.

पुढच्या रविवारी सकाळी ओसरीत साधी खुर्ची ठेवली. सारखा उजेड, दोन्ही गाल दिसतील असा. मी खाली बसले, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणला.

"हासू का?"

"तुमची मर्जी."

"मग न्हाई. सुनी दारात आलीया आन मी बगतीया, अशी बसती."

बसल्या. मी क्लिक केलं.

मावशींनी स्क्रीन डोळ्यांजवळ धरली.
"ह्यो उजवा डोळा बारका हाय व्हय माझा?"

"हो."

"सुनीचा बी हाय." कॅमेरा माझ्या हातात दिला. "ह्यो ऱ्हाऊ द्या."

परवा सकाळी त्या गेल्या. झोपेतच. सुनंदाला आसामहून पोचायला दोन दिवस लागणार होते, आणि तेवढं थांबणं शक्य नव्हतं. फोनवर ती एवढंच म्हणत होती, "मला आईचं तोंड तरी बघू द्या."

आज दुपारी ती आली. बॅग दारातच टाकली. पाटावर फोटो, समोर दिवा. ती फोटोसमोर जाऊन बसली.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी. एवढी भीती मला माझ्या स्वतःच्या रिझल्टलासुद्धा वाटली नव्हती.

भावकीतल्या बायका रडायला लागल्या. सुनंदा रडली नाही. तिने पुढे होऊन काचेवरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आजाऱ्याच्या तोंडावरून फिरवतात तसा.

मग माझ्याकडे वळली.

"घावलं, बाई. आईचं तोंड बघाया घावलं मला."

आणि मग रडली.

तो फोटो इथे टाकत नाही. तो तिचा आहे.

मावशी, सुनंदा तुमच्याजवळ बसली आहे. आता निवांत जा.
तुमच्या भाडेकरू बाईंचा नमस्कार.