अळ्यांच्या पिठाचा डबा

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला. लिहिणं हे आपलं काम नव्हे असं अजूनही वाटतं. त्यातून कुत्र्याच्या खाण्याबद्दल लिहायचं, म्हणून आधीच माफी मागतो.

मंगळवार पेठेत मी एका जैन घरात भाड्यानं राहत होतो. घरमालकिणीला मी अक्का म्हणायचो. मांस-अंडं आत आणायचं नाही, एवढीच त्यांची अट. रस्त्यावर सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू मात्र त्यांनी ठेवून घेऊ दिलं. दिवस मावळायच्या आत त्या जेवायच्या, आणि त्याआधी त्याला दूध-भाकरी घालायच्या.

वर्षभरानं त्याला खाज सुटली. केस गळले, मानेवर जखमा झाल्या. भिंतीला अंग घासून घासून रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, दूध आणि कोंबडी दोन्ही याला सोसत नाही. वाळवलेल्या अळ्यांच्या पिठाचं खाद्य मिळतं, ते द्या. आधी भातात चमचाभर, मग हळूहळू वाढवा. दुसरं काहीही नको, नाहीतर हे हाताबाहेर जाईल.

डबा घेऊन घरी आलो तेव्हा अक्का पीठ चाळत होत्या. चाळणीत एक अळी निघाली. ती त्यांनी कागदावर घेतली आणि परसात पेरूखाली हळूच सोडली. माझा डबा पिशवीतच राहिला. काय आणलंस, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कुत्र्याचं औषध.

तिथंच मी चुकलो. औषध उपाशीपोटी बाधू नये म्हणून, मी कॉलेजात असताना अक्का त्याला जास्तच दूध घालू लागल्या. तीन आठवडे मी भातात चमचे वाढवत होतो आणि जखमा चिघळत होत्या. मग पिल्लू जागचं उठेना. एका दुपारी लवकर आलो, तर त्याच्या मिशांना दूध लागलेलं.

डबा पुढं ठेवून मी अक्कांना खरं सांगितलं, आत अळ्यांचं पीठ आहे आणि दूध त्याला सोसत नाही.

"अळ्या?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरात?"

"व्हय, अक्का."

"आन् मी दूध घालून त्येला मारत हुते, असं म्हन की."

त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी आजऱ्याजवळच्या आमच्या गावाहून भातलावणीसाठी बोलावणं आलं. घरात माणसं कमी, जाणं भाग होतं. वर्गातला एक मित्र दोन वेळा येऊन खाद्य घालायला तयार झाला. पण दाराला कडी आतून असायची. अक्कांनी दार उघडलं नाही, तर सगळं संपलं. मी त्यांना विचारलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

शेतात फोन लागत नव्हता. चिखलात रोप रोवताना दर वेळी ते बंद दार दिसायचं. चौथ्या दिवशी एसटीच्या थांब्यापर्यंत चढून गेलो आणि अक्कांना फोन लावला.

"त्या डब्याला मी शिवले न्हाय," त्या म्हणाल्या. "घाल म्हनून कुनाला सांगितलं बी न्हाय. रोज दोन येळा दार तेवढं उघडं ठेवलं." मग म्हणाल्या, "दूध बंद केलंय. आज पिल्लू उठून पेरूखाली गेलतं."