रिकामं टेम्प्लेट

टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात पुस्तकं वेबसाइटवर चढवायचं काम चालतं. पुस्तकातला कुठला भाग पानावर कसा दिसावा, याचे नियम आम्ही एक्सएसएलटी नावाच्या भाषेत लिहितो. अशा एका नियमाला टेम्प्लेट म्हणतात. आमच्या एडिटरमध्ये डावीकडे सगळ्या भागांची यादी असते. त्यातल्या एखाद्या नावावर दोनदा क्लिक केलं की त्याचं रिकामं टेम्प्लेट आपोआप तयार होतं. ते तसंच सेव्ह केलं, तर तो भाग पानावरून गायब होतो.

एका सोमवारी अख्ख्या ग्रंथाच्या तळटीपा अशाच गायब झाल्या. साहेबांनी ते टेम्प्लेटांचं काम बघणाऱ्या, जंगलातल्या जांबोटीहून रोज बसनं येणाऱ्या आक्कांना सगळ्यांदेखत झापलं. "जंगलातनं येऊन इथं बसलं की असंच व्हतंय!" आक्का मान खाली घालून उभ्या राहिल्या.

माझं डोकंच फिरलं. मी टेम्प्लेटांची फाइल तपासली. ती शनिवारी संध्याकाळी सहाला सेव्ह झाली होती.

"सर, आक्का साडेचारच्या बसनं गेलत्या. सहाला पाहुण्यांना एडिटर दाखवताना तुम्हीच तळटीपांवर दोनदा क्लिक करून सेव्ह केलं होतं."

"बरं, काढून टाका ते," म्हणत साहेब केबिनमध्ये गेले.

आक्कांनी त्या रिकाम्या टेम्प्लेटच्या दोन ओळी पुसल्या आणि तळटीपा परत आल्या. "जाऊ दे रं, काम झालं न्हवं," त्या मला म्हणाल्या.

मला जाऊ देता आलं नाही. दुपारी केबिनमध्ये जाऊन मी म्हणालो, "आक्कांची माफी मागा." साहेब फोनवर बोलतच राहिले. माफी त्यांनी अजून मागितलेली नाही, आणि मी त्यांना नमस्कार करणं सोडलंय.