तळ्यातले फुटके माठ

पाणी दिसलं की आमचे शेजारचे काका उकिडवे बसलेच म्हणून समजा. विहीर असो, बैलांचा हौद असो, की नांदुऱ्याच्या लग्नातलं हात धुवायचं टमरेल, कपाळावर हात, नजर आत आणि तोंडी एकच वाक्य, "लेकराले आडोसा लागते, बे!"

काकांनी नोकरीभर कोकणात एसटी चालवली. दुपारी बाकीचे ड्रायव्हर झोपायचे, हे ओहोटीला समुद्रकाठच्या खडकांवर जायचे. कपारींतल्या शेवाळात माशांची पिल्लं लपून वाढतात आणि अंगात जोर आला की दर्यात जातात, हे त्यांनी तिथं पाहिलं. एक पिल्लू तर त्यांच्या गाडीचा हॉर्न ओळखायचं. यातलं निम्मं खरं आहे.

निवृत्त होऊन ते वरवट बकालच्या शिवारात परतले आणि संत्र्यांसाठी खोदलेल्या शेततळ्यात त्यांनी माशांचं बीज सोडलं. तळ्याला प्लास्टिकचा गुळगुळीत कागद, लपायला जागा नाही. अख्ख्या वऱ्हाडातले बगळे पंगतीला आले. पुढच्या वेळी काकांनी कोकणासारखे खडक हवेत म्हणून ट्रॉलीभर दगड लोटले. कागद फाटला, तळं कोरडं.

नवा कागद अंथरताना काकूंनी निकाल दिला, "या खेपेले पिल्लं गेले, तं तळं फक्त संत्र्याले! मंग मासोळीचं नाव घेतलं तं पाह्यजा!"

"हाव," काका एवढंच म्हणाले. त्यांना इतकं थोडं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्यांना माठ सुचले. फुटक्या माठाच्या कडा घासायच्या, खाली गोणपाट घालायचं आणि तो तळ्यात आडवा ठेवायचा. गावात कुणाचा माठ फुटतो याची वाट पाहत काका दारोदार फिरू लागले.

"फुटला का, सूनबाई?"

"काऊन फुटन? कालच आनला, काका!" माझी बायको माठाला कवटाळून म्हणाली.

"तडा गेल्यावानी दिसून राह्यला..."

पिल्लं जगली. बगळे काठावर पाय बदलून बदलून थकले. काका दरसाल नवं बीज सोडू लागले.

शेवटचं बीज सोडलं आणि महिन्याभरात काका गेले. उन्हाळा पेटला. काकूंनी मला हाक मारली, "मोटर लाव, संत्रे सुकून राह्यले."

पाणी कमरेवरून गुडघ्यावर आलं. माठांच्या पाठी उघड्या पडल्या.

"बंद कर."

"काकू, अर्धी झाडं राहिली!"

"बंद कर ना, बे! त्यायचा संसार उघडा पडून राह्यला!"

त्या साली काकूंची संत्री लिंबाएवढीच राहिली. मी एक सोलून तोंडात टाकलं आणि आंबटानं डोळे मिटले. काकू अंगावर आल्या, "गोड हाय ना? मंग!"