मोरीच्या दाराची कडी

हरणाबाई माण तालुक्यातली. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, म्हणून ती साताऱ्यात शरयूताईंच्या पाळणाघरात कामाला लागली. बारा वर्षं पोरं धुतली-पुसली. आधी पोराला विचारायची, "धुऊ का रं राजा?" मग मोरीचं दार सताड उघडं ठेवून स्वयंपाकघरातल्या बाईला ओरडून सांगायची, "पोराला धुतीया गं, हिकडं लक्ष ठिव!"

मला ते गावंढळ वाटायचं. एकदा ती माझ्या तीन वर्षांच्या ज्ञानदाला धूत होती आणि बाहेर दोन मुलांचे बाबा उभे होते. माझं डोकंच फिरलं. मी पडले ऑफिसातली बाई, तक्रार लेखी दिली. पोरीच्या जातीला असं उघड्यावर धुवायचं म्हणजे काय? चार दिवसांत दाराला आतून कडी बसली. मी खूश.

पुढे शरयूताईंचा भाऊ वीरधवल मदतीला येऊ लागला. पोरं त्याला मामा म्हणायची. एका दुपारी हरणाबाईला मोरीची कडी आतून लागलेली दिसली. तिने दार बडवलं, तर तो हसत हसत ज्ञानदाला घेऊन बाहेर आला. त्या संध्याकाळी तिने सुरीच्या टोकाने स्क्रू काढून कडी उखडली. ताईंनी ती पुन्हा बसवली, हिने पुन्हा काढली. मग ताईंनी हिलाच कामावरून काढलं आणि कडी तिसऱ्यांदा बसवली.

आगाऊ बाई, गेली ते बरं झालं, असं मी म्हटलं होतं. आता सांगायला लाज वाटते.

त्याच आठवड्यात घरी आंघोळ घालताना ज्ञानदा म्हणाली, "आई, कडी लाव ना. मामा लावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली, ज्ञानदाला कडेवर घेतलं आणि हरणाबाईची खोली शोधून काढली.

"आत काय झालं होतं?"

"मला काय ठावं, ताई? म्या काय बी बघितलं न्हाई. ठावं पडत न्हाई, म्हणूनच दार उघडं ठिवायचं. आत मी असले तरीबी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कडी तुमीच मागितली नव्हं?"

ज्ञानदा तिच्या मांडीवर जाऊन बसली होती. बाकीची अकरा पोरं अजून पाळणाघरातच होती. मी हरणाबाईच्या उंबऱ्यातच बसून मुलांच्या मदतीचा नंबर लावला, १०९८. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "कडी कुणाच्या सांगण्यावरून बसवली?"

"माझ्या," मी म्हणाले.