न चिकटवलेली रोपं

सुलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच औषधांची यादी करत होते. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं... दीड महिना झाला, ते पान अजून डायरीत तसंच आहे.

सुलूताई माझी मावसबहीण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, सहकारनगरच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. लोणी काळभोरजवळ नदीकाठच्या ओलसर पट्ट्यात तिला एक रानटी रोप सापडलं होतं. परदेशी स्वयंपाकातल्या सेजच्या जातीचं, तुळशीच्या कुळातलं, बारीक जांभळ्या फुलांचं. शेतकरी ते तण म्हणून उपटून टाकतात. तिथल्या एका आजींनी त्याचा पाला वाटून गुडघ्याला बांधलेला तिने पाहिला आणि मग दर हिवाळ्यात ती तिथे जात राहिली. "म्हणजे सांधेदुखीवर औषध सापडलं की तुला," मी एकदा म्हणाले. "औषध म्हणू नकोस, शक्यता म्हण. आजींचा गुडघा दुसऱ्या दिवशीही दुखतच होता."

शेवटी एका प्रयोगशाळेने अर्क तपासायचं कबूल केलं. अट एकच, तारीख आणि ठिकाण लिहिलेली मूळ वाळवलेली रोपं हवीत. तोवर नदीकाठचा तो पट्टा मुरूम टाकून सपाट झाला होता. आणखी कुठे ते रोप तिला सापडलं नव्हतं. पण ताईकडे सगळ्या वर्षांची रोपं जपलेली होती. ती पाठवायच्या आठवड्यातच ताई न्हाणीत पडली आणि खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाली.

ती घरी यायच्या आधी खोली आवरायचं काम माझं. चौदा कामांची यादी केली. पलंग उंच करणे, न्हाणीत दांडी बसवणे, वॉकरला वाट मोकळी करणे. सहावं काम, रद्दी. ताईचे नमुने पांढऱ्या जाड कागदावर चिकटवून कपाटात असतात हे मला माहीत होतं. कपाटाला मी हात लावला नाही. खिडकीखालचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे मात्र एकही न उघडता देऊन टाकले. हे रोप सापडलं त्याच्या आधीपासूनच बोटांचे सांधे सुजल्यामुळे तिला चिकटवण्याचं काम जमत नव्हतं, आणि त्याची सगळ्या वर्षांची रोपं त्या वर्तमानपत्रांतच होती, कडेला पेन्सिलीने तारखा घातलेली... हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

घरी आल्यावर ती वॉकर धरून खिडकीपाशी थांबली. "इथले पेपर?"

"दिले रद्दीत. जुने होते गं."

"जुने होते म्हणूनच ठेवले होते."

मी तशीच रिक्षाने रद्दीच्या दुकानात गेले. माल आदल्या दिवशीच गेला होता. परत येऊन सांगितलं तेव्हा तिने भिंतीवरची माझी यादी शांतपणे वाचली. "सहाव्यावर टिकसुद्धा केलीस. व्यवस्थित आहेस हो." त्यानंतर त्या रोपाचा विषय तिने काढला नाही. प्रयोगशाळेला पत्र मी लिहिलं, तिने सही केली. तीन आठवड्यांनी ती गेली. डॉक्टर हृदयाचं कारण सांगतात. मी वाद घातला नाही.

रोपं दाबायच्या तिच्या दोन फळ्या आता माझ्याकडे आहेत. पट्टे घट्ट आवळलेले, मध्ये काही नाही. घरची रद्दी मी अजून देते, पण प्रत्येक अंक पान-पान उघडून. परवा नवरा म्हणाला, "अगं, आपल्याच घरचे पेपर आहेत, त्यात काय सापडणार?"

काही नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी पुढचं पान उघडलं.