भूल दिल्याशिवाय नाही

तिचं नाव मला माहीत नाही. सिंदेवाहीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी शेळी घेऊन बसलो होतो, तेव्हा ती आली. तलावावर मासे धरणारी बाई. रानडुकरानं मांडी फाडलेला कुत्रा तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता.

"भुलीचं इंजेक्शन संपलंय. मूल गावाहून यायला दुपार होईल," डॉक्टर म्हणाले. "तोंड बांधून शिवून टाकतो. कुत्रंच तर आहे."

तिनं जखमेवर हात आडवा धरला.

"बाळंतपनात मले असेच टाके घातले, भूल न देता. ओरडली तं नर्सबाई म्हने, सहन कर, बाईच तं आहेस. याले तसं शिवू देनार नाई मी."

डॉक्टरांनी जखमेवर पट्टी बांधली आणि औषधासाठी फोन लावला. ती फरशीवर बसून कुत्र्याचे कान कुरवाळत राहिली. माझी शेळी तपासून झाली, तरी माझा पाय निघेना.

दुपारी इंजेक्शन आलं. कुत्र्याची मान हळूहळू सैल पडली. डॉक्टरांनी सुई उचलली, तर तिनं त्यांना थांबवलं, जखमेजवळ स्वतः चिमटा काढून पाहिला. कुत्रा हलला नाही.

"आता शिवा," ती म्हणाली.