आपांचे मोजे

“आधा जवाब नहीं. पूरा जुमला बोलो,” आपा बाकावरच्या बाईला दटावायच्या आणि ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आपा उर्दू शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. म्हणजे नोकरी संपली होती इतकंच. मास्तरकी कसली संपतेय!

पनवेलच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी मधुमेहाच्या पेशंटना सल्ला द्यायचं काम करायचे. उर्दू बोलणाऱ्या पेशंटना आपल्या आजाराची कितपत माहिती आहे, हे आमच्या डॉक्टरांना पाहायचं होतं. प्रश्न उर्दूतले, आणि माझं उर्दू हिंदी सिनेमापुरतं. म्हणून बाहेर बसलेल्यांना प्रश्न आधी समजावून सांगायला डॉक्टरांनी आपांना मदतीला घेतलं. त्या स्वतःही तिथल्याच पेशंट.

इथेच घोळ झाला. आपांना वाटलं, ही परीक्षा आहे. आणि आपांच्या वर्गातलं कुणी नापास? तौबा! मी आत एकीला प्रश्न विचारतेय तोवर बाहेर बाकावर आपा पुढच्या सगळ्यांची तयारी करून घ्यायच्या. शाळेत प्रार्थनेनंतर नखं तपासतात ना, तशा चपला काढायला लावून तळवे तपासायच्या. “पाँव दिखाओ! ये छाला कब का है?”

सगळ्याजणी पैकीच्या पैकी! डॉक्टर डोकं धरून बसले. “अहो, यांना एवढं कळतं, तर यांची साखर का खाली येत नाही?”

मी आपांवर भडकले. “आपा, यांना काय येत नाही तेच बघायचंय आम्हाला!”

“नहीं आता तो सिखाओ, बेटी. देखते क्या रहना?”

बरं, ही शिकवणी फुकट गेली म्हणावं, तर रोडपालीच्या एका खालांच्या, म्हणजे मावशींच्या, तळव्यात रुतलेली काच त्या तपासणीतच सापडली. साखरेने पाय बधिर झालेले, खालांना पत्ताच नव्हता.

शेवटी मी आपांनाही प्रश्न विचारले. पाय रोज बघावेत का?

“जी हाँ. पाय रोज बघावेत. तळवे दिसत नसतील, तर आरशात बघावेत.” अगदी पूर्ण वाक्यात.

“मग तुमचे दाखवा बघू,” मी म्हटलं. भर मे महिन्यात आपांच्या पायात जाड मोजे होते.

आपा खळखळून हसल्या. “उस्तानी के नाख़ून कौन देखता है?” खरंच, शाळेत बाईंची नखं कोण तपासतं! आणि त्या उठून बाहेर आपल्या बाकाकडे गेल्या.

पावसाळ्यात त्या यायच्या बंद झाल्या. मग एक दिवस त्यांची भाची सांगायला आली. टाचेची जखम आपांनी घरातही कुणाला दाखवली नव्हती. पाय कापला, पण तोवर विष अंगभर पसरलं होतं. आपा गेल्या.

डॉक्टरांनी विचारलं, “पायाबद्दलचं त्यांचं उत्तर बरोबर धरायचं की चूक?” मला सांगता येईना. अजूनही येत नाही. लाज वाटली असेल, की भीती? का दुसऱ्यांचे पाय बघता बघता स्वतःचे राहूनच गेले? मला त्यांचा राग येतो, आणि रागावता रागावता रडू येतं.

पुढच्या खेपेला प्रश्न घेऊन बाहेर आले, तर बाकावर सगळ्या बायका चपला काढून एकमेकींचे तळवे बघत होत्या. त्याच रोडपालीच्या खाला म्हणाल्या, “मॅडम, आप भी दिखाओ.”

“अहो, मला कुठे डायबेटिस आहे?”

“ना सही. अब हम किसी को नहीं छोड़ते.”

मी त्यांच्या शेजारी बसले आणि बूट काढले.